कुंकू काळं, डोळे मिचमिचे

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठल्याही गावातल्या जुन्या घरातली लोखंडी पेटी उघडा. वर सातबाऱ्याचे उतारे, कुणाची तरी मॅट्रिकची सनद, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका. तळाशी एक खाकी पाकीट. पाकिटात १९६०-७० सालांतले कृष्णधवल फोटो, चौकोनी, पांढऱ्या काठाचे. अख्खं घर अंगणात ओळीनं उभं आहे. पुरुषांचे हात मांडीला चिकटलेले, बायकांचे पदर डोक्यावरून पुढे ओढलेले, पोरांच्या कपाळाला आठ्या. झाडून सगळ्यांचे डोळे मिचमिचे. हसत कुणीच नाही. आणि फोटोच्या खालच्या कडेला, सारवलेल्या जमिनीवर, एक सावली आत शिरलेली: मधे डोकं, दोन्ही बाजूंना दोन कोपरं.

नातवंडं विचारतात, “आजी, तुम्ही सगळे एवढे चिडलेले का होतात?” आजी म्हणते, “चिडतंय कोण? ऊन लागायलं होतं डोळ्याला.”

आजीचं उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असं आहे. अंगण, ओळ, आठ्या, ती घुसखोर सावली, या सगळ्यामागे कारण आहे आणि ते माणसांच्या स्वभावात सापडत नाही, उजेडाच्या हिशेबात सापडतं.

तो हिशेब असा. त्या काळी बेताच्या ऐपतीच्या मराठी घरात कॅमेरा शिरलाच तर तो बहुधा आग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला. काळा, हलका, पोराच्या हातात दिला तरी चालेल असा. त्यात १२० नंबरचा रोल घालायचा आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो काढायचे. शटरचा वेग एकच, आणि तो काही फार चपळ नव्हे. भिंगाचं तोंड बारीक. फार जवळ आलेला चेहरा पुसट व्हायचा, म्हणून माणसांना चार पावलं मागं सरकवायचं. उजेडानुसार बदल करायला कॅमेऱ्यावर चित्रं होती, एक सूर्याचं, एक ढगाचं. माजघराचं चित्र त्यावर नव्हतं.

नसणारच. मे महिन्यात भर दुपारी आपल्या अंगणात साधारण एक लाख लक्स उजेड पडतो. ओसरीत तो पाच-सहा हजारांवर येतो. माळवदाच्या घरात, जिथे एका दारावर आणि छतातल्या एका झरोक्यावर भागवायचं, तिथे आतल्या खोलीत शंभर लक्स मिळाले तरी खूप. म्हणजे अंगणातून माजघरात दहा पावलं टाकली की उजेड हजारावा हिस्सा उरतो. आपल्या डोळ्याला याचा पत्ता लागत नाही. बाहुली मोठी होते, पडद्याची संवेदना वाढते, आणि दोन मिनिटांत आपण ज्वारीतले खडे वेचू लागतो. त्या कॅमेऱ्याला आणि त्या काळच्या स्वस्त फिल्मला हे जमत नव्हतं. आत काढलेला फोटो धुऊन आला की काळा.

म्हणून घर अंगणात आलं. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा तेव्हाचा पहिला नियम. त्याच्या पाठीशी, म्हणजे बाकी सगळ्यांच्या तोंडावर. आठ्या तिथून आल्या. सावलीही तिथूनच आली. घरातले सगळे अल्बमात सापडतात, फोटो काढणारा काका तेवढा सापडत नाही. त्याची हजेरी त्या सावलीपुरती. माझ्या मते अशा फोटोंतली ती सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट आहे, आणि लोक फोटो फ्रेम करताना नेमकी तीच कापून टाकतात.

शिवाय बारा फोटो. त्यात दिवाळी, बारसं आणि एखादी यात्रा बसवायची. सूप घेऊन बसलेल्या आजीवर, विहिरीवर आंघोळ करणाऱ्या पोरांवर, जेवण झाल्यावर खांबाला टेकून पेंगणाऱ्या आजोबांवर एक फोटो ‘वाया’ घालवायचा, हे कुणाला परवडणार? घर खऱ्या अर्थानं जिथे घडत होतं, चुलीपुढे, माजघरात, पहाटे, दिवेलागणीनंतर, तिथे फिल्म पोचतच नव्हती. आपल्या आज्यांचे बेसावध फोटो नाहीत याचं कारण माया कमी होती हे नव्हे. उजेड कमी होता.

आता फिल्मवर नेमकं घडतं काय ते पाहू, कारण नवलाची खाण तिथे आहे.

कृष्णधवल फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक. स्फटिक इतके बारीक की बरेचसे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, काही त्याहून लहान. अशा एकेका स्फटिकात चांदीचे अब्जावधी अणू ब्रोमिनशी जखडून बसलेले असतात. शटर उघडतं. आजीच्या गालावरून परतलेल्या उजेडाचे मोजके कण एखाद्या स्फटिकावर आदळतात, आणि त्यातले चांदीचे चार-पाच अणू जखडणीतून सुटून एकत्र येतात. अब्जावधींतले चार-पाच! हे कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. फिल्म आधी होती तशीच दिसते. पण स्फटिकावर खूण झालेली असते.

मग ती डेव्हलपरमध्ये जाते. डेव्हलपर हे रसायन खूण शोधत फिरतं. ज्या स्फटिकावर त्या चार अणूंचा ठिपका आहे तो सगळाच्या सगळा चांदीत बदलतो. ज्यावर नाही तो तसाच राहतो. एका ठिपक्याचं अब्जपट मोठं रूप. या छुप्या प्रतिमेचा उलगडा इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात गर्नी आणि मॉट यांनी १९३८ साली केला. तोवर जग शंभर वर्षं फोटो काढत होतं, ते का उमटतात हे नीट न कळता.

आणि मोहरीची गोष्ट तर कुणाला सांगितली तर पटत नाही. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यांतून. कारखानदारांना एक कोडं पडायचं: एका घाण्याचं जिलेटिन वापरलं की फिल्म तरतरीत निघते, दुसऱ्याचं वापरलं की मठ्ठ. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२०च्या दशकात त्याचा छडा लावला. काही गायींच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झाडं होती. त्यातलं गंधकयुक्त द्रव्य लेशमात्र जिलेटिनात उतरत होतं आणि तेच स्फटिकांना उजेडाची जाण देत होतं. गायीनं मोहरी खाल्ली म्हणून फोटो लवकर निघू लागले, यात कसलीही अतिशयोक्ती नाही.

चांदी म्हटली की आपल्याला जोडवी आठवतात, पैंजण आठवतात, लखलखणारं ताम्हन आठवतं. फिल्मवरची चांदी मात्र काळी असते. धातू तोच. पण डेव्हलपरमधून निघालेली चांदी सपाट पत्र्यासारखी नसते. ती बोंडातल्या कापसासारखी, तंतूंच्या गुंत्यात वाढलेली असते. त्या गुंत्यात शिरलेला उजेड आपटत आपटत तिथेच जिरतो, बाहेर येत नाही. म्हणून निगेटिव्हवर जिथे उजेड जास्त पडला तिथे काळं जास्त. आजीचे पांढरे केस निगेटिव्हवर कोळशासारखे दिसतात, आणि तिच्या मागचा अंधार कोरा, पारदर्शक.

या चांदीचे डोळे मुळात अर्धेच उघडे होते, ही पुढची गंमत.

त्याच पेटीत आणखी जुना, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्टुडिओतला फोटो सापडला, तर पणजीच्या कपाळाकडे नीट बघा. तिथे काळाभोर टिळा आहे. गंगाखेड जनाबाईंचं गाव, सगळा मुलूख वारकऱ्यांचा. त्यामुळे पाहणारे चटकन म्हणतात, पणजी बुक्का लावायची वाटतं. कुणी त्यावरून ती तेव्हाच विधवा झाली होती असंही ठरवून टाकतं. आणि शेजारच्या खुर्चीत पणजोबा पगडी घालून धडधाकट बसलेले असतात! तो बुक्का नाही. ते लालभडक पिंजरीचं कुंकू आहे. तेव्हा निगेटिव्ह फिल्मवर नव्हे, काचेवर उमटायची, आणि त्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता.

नुसतं सिल्व्हर ब्रोमाइड निळ्या आणि जांभळ्या उजेडालाच ओळखतं. लाल त्याच्या लेखी अंधार. म्हणून जुन्या फोटोत निळं आभाळ पांढरंफटक, निळं लुगडं धुतल्यासारखं, आणि लाल काठ, लाल कुंकू, हळदीचा मळवट हे सगळं काळं. गव्हाळ किंवा सावळी कातडी निळा उजेड थोडाच परतवते, त्यामुळे चेहरेही असायचे त्याहून काळवंडलेले. ‘जरा गोरा करून द्या’ या स्टुडिओतल्या विनवणीत सगळाच दोष गिऱ्हाइकाचा नव्हता. काचेनंच आधी त्याला काळा केलेला असे. मग रिटचिंगवाला पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर बसायचा. पुढे कुणी कुणी छापील फोटोवर ब्रशनं लाल टिकलीही रंगवून द्यायचे.

१८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की काचेच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरवाही ओळखू लागते. लाल ओळखायला विसावं शतक उजाडलं; १९०६च्या सुमारास सगळे रंग जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या. पण स्टुडिओवाले जुन्या प्रकाराला कितीतरी वर्षं धरून राहिले. लाल न दिसणाऱ्या काचेचा एक फायदा असतो, लाल दिव्याखाली ती डोळ्यांनी बघत धुता येते. पणजीचं कुंकू काळं पडलं ते धुणाऱ्याच्या सोयीपायी.

सगळे रंग जाणणारी फिल्म आली आणि कुंकू करडं झालं. आता एक प्रयोग. भिंगासमोर लाल काच धरा आणि फोटो काढा: कपाळावरचं कुंकू जवळजवळ नाहीसं होतं, कातडीच्या रंगात मिसळून जातं. हिरवी काच धरा: ते पुन्हा गडद होतं. तीच बाई, तेच कपाळ, तोच क्षण. आपल्याकडे कपाळावर कुंकू असण्या-नसण्याला जो अर्थ चिकटवलेला आहे तो आठवला की या दोन काचांची जरा भीतीच वाटते. आजचा मोबाइल हा निवाडा मुकाट्यानं करून टाकतो. रंगीत फोटो कृष्णधवल करताना तो सर्वसाधारणपणे लाल ३०, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के धरतो, कारण माणसाच्या डोळ्याला उजळपणा साधारण त्याच प्रमाणात जाणवतो. लालचं प्रमाण हातानं वाढवून पाहा, आईच्या कपाळावरचं कुंकू तुमच्या डोळ्यांदेखत विरघळतं.

कृष्णधवल जग हे कॅमेऱ्याचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी लोडशेडिंगमध्ये घराकडे पाहावं. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी सुमारे ६० लाख आणि अंधूक उजेडात काम करणाऱ्या, रंग न कळणाऱ्या पेशी सुमारे १२ कोटी. दिवेलागण झाली, वीज गेली, की पहिल्या थकतात आणि दुसऱ्यांचं राज्य सुरू होतं. या दुसऱ्या पेशींना लाल जवळपास दिसत नाही. म्हणून कातरवेळी सगळ्यांत आधी काळं पडतं ते कुंकू. जास्वंदही काळी पडते, तिची पानं मात्र बराच वेळ उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किने यांनी दोनशे वर्षांपूर्वी हे फुलांवरूनच टिपलं होतं. पणजीच्या काचेला जे दिसत होतं ते पणजीच्या घरच्यांना रोज संध्याकाळी दिसत होतं, फक्त कुणी त्याला फोटो म्हणत नव्हतं.

इतिहास थोडक्यात आटपतो. परभणी १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती, आणि त्या राज्यातला फोटोग्राफीचा मोठा माणूस म्हणजे राजा दीनदयाळ. १८८०च्या दशकात ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास पडद्यातल्या बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढायलाही बाईच, केनी-लेव्हिक नावाची. घरातल्या बाईचा फोटो काढायचा तर तिला घरातून उचलून दुसऱ्या बंद जागेत न्यायचं, अशी ती व्यवस्था. त्याआधीच्या काळात तर मान हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी चिमटा असायचा. अशा वेळी बेसावध फोटो कसला? बसणारा पूर्ण सावध, श्वास रोखून.

बेसावध माणूस टिपायला तीन गोष्टी हव्यात: चपळ चांदी, खिशात मावणारा कॅमेरा, आणि आपली पर्वा न करणारी माणसं. तिसरी गोष्ट घरातच मिळते. पहिल्या दोन कशा आल्या त्याचा एक धागा दादरच्या एका बिऱ्हाडातून जातो.

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी पहिल्यांदा टिपलं ते घरातल्या कुंडीतलं वाटाण्याचं रोप. रोज थोडं थोडं, महिनाभर. पडद्यावर ते मिनिटाभरात वाढताना दिसलं आणि सावकाराची थैली सैल झाली. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला काठानं भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात, हाताच्या अंदाजानं करायच्या. रसायनं त्याच कालवायच्या. माणसांचा स्वयंपाक होताच. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो मुलगा भालचंद्र. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी, सातेक वर्षांची. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला फाळक्यांनी कथा बाजूला ठेवून नुसता तिचा चेहरा दाखवला आहे: ती हसते, रुसते, डोळे वटारते, आणि मग हळूच त्या पोरीचा कृष्ण होतो. हा शॉट जपून राहिला आहे. हावभाव बापानं सांगितलेले, हे दिसतंच. पण दोन हावभावांच्या मधे, पुढची सूचना येण्याआधी, क्षणभर एक मुलगी आपल्या बाबांकडे बघते. माझ्या नजरेत मराठी माणसानं घेतलेला घरच्या माणसाचा पहिला बेसावध फोटो तो आहे, मग जाणकार काहीही म्हणोत.

याच सुमाराला जर्मनीत वेट्झलार गावी, लाइट्झच्या सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यात ओस्कार बार्नाक नावाचा दमेकरी कारागीर काम करत होता. फोटोचा नाद, पण काचांचे जड कॅमेरे डोंगरावर वाहायला छाती साथ देईना. १९१३-१४मध्ये त्यानं फाळके वापरत तीच ३५ मिलिमीटरची सिनेमाची फिल्म एका चिमुकल्या कॅमेऱ्यात आडवी घातली. आणि नव्या खेळण्यातून माणूस जे करतो तेच केलं: आपल्या पोराबाळांचे फोटो काढले. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो कॅमेरा लायका या नावानं विकायला आला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. त्यात तथ्य काय ते देव जाणे, पण आपल्या पेट्यांमधल्या फोटोंपुरतं जर्मनीचं ऋण खरं आहे. आग्फा मूळची बर्लिनची. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्टुडिओंत जी ऑर्वो फिल्म दिसायची ती पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन गावची, आणि तो कारखानाही मूळ आग्फाचाच. आपला सरकारी कारखाना होता हिंदुस्थान फोटो फिल्म्स, तिकडे उटीला. ‘इंदू’ नावाचा माल त्याचा.

घरच्यांच्या बेसावध फोटोंतला जगाचा लाडका मुलगा मात्र फ्रेंच. झाक आन्री लार्तिग, जन्म १८९४, श्रीमंत घरातला. कळत्या वयाआधीच बापानं कॅमेरा हातात दिला. त्यानं काय टिपलं? जिन्यावरून उडी मारून हवेत तरंगणारी चुलतबहीण, टायरवर पाण्यात बसलेला दादा, घरची मोटार, घरचं मांजर. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते फोटो लागले तेव्हा लार्तिग सत्तरीला टेकला होता. पोरानं घरात बसून केलेले उद्योग एकदम कला ठरले.

परभणीत असे फोटो काढायचे तर उजेडाची वेगळी गणितं सोडवावी लागतात. मेच्या मध्यावर इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पायाखाली सावलीच उरत नाही. त्या वेळी अंगणात उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली काळं, हनुवटीखाली काळं. पण तेच ऊन अंगणातल्या फिकट जमिनीवर आपटून ओसरीत शिरतं, आणि खालून वर, मऊ होऊन चेहऱ्यावर येतं. ओसरीच्या कडेला ज्वारी निवडत बसलेल्या बाईला यापेक्षा चांगला उजेड कुठल्या स्टुडिओत मिळणार नाही. सुपातून पाखडलेला कोंडा हवेत उडतो, मागं माजघराचं काळं दार, त्यावर तो कोंडा पांढरा चमकतो. तिच्या बांगड्या वर सरकून कोपराशी अडकतात. रंगीत फोटोत हे सगळं प्लॅस्टिकच्या निळ्या बादलीनं खाल्लं असतं. करड्यात बादली मुकाट राहते.

आत गेलात तर चारशे वेगाची फिल्म, भिंगाचं तोंड दोनवर उघडं, सेकंदाचा तिसावा भाग, आणि भिंतीला टेकलेला खांदा. शंभर लक्समध्ये एवढ्यावर निभतं. आजचा मोबाइल तर याहून अंधारात बघतो. म्हणजे चांदी चपळ झाली, कॅमेरा खिशात आला. उरली तिसरी अट.

पहिल्या दिवशी घर बिचकतं. “कामून काढायलास रं? पदर तरी घेऊ दे.” पोरं दोन बोटं वर करून समोर येतात. वडील शर्टाचं वरचं बटण लावतात. बाहेरचा फोटोग्राफर असता तर एवढंच घेऊन गेला असता. घरचा माणूस कुठे जात नाही. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, कॅमेरा उंबऱ्याजवळ पडलेलाच असतो, आणि घराला त्याचा कंटाळा येतो. हा कंटाळा फार मोलाचा. आई फोडणीकडे बघते, तुमच्याकडे नाही. वडील पंच्यानं पाठ पुसत बातम्या ऐकतात. तुम्ही शटर दाबता आणि कुणी मान वळवत नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही भाजीला कोथिंबीर आणायला विसरलेला मुलगा असता, बाकी कुणी नाही.

याच बेपर्वाईत जोखीमही आहे. अमेरिकेतल्या सॅली मान यांनी आपल्या तीन मुलांचे कृष्णधवल फोटो १९९२ साली पुस्तकात आणले, त्यावर मोठं वादळ उठलं. मुलं बरेचदा उघडी होती, आणि ती मुलं होती, हो-नाही कुणाला विचारायचं? गंमत अशी की ते फोटो वाटतात बेसावध, पण काढले आठ बाय दहा इंचांच्या अवजड कॅमेऱ्यानं, त्यापुढे मुलांना स्तब्ध राहावं लागायचं. आपल्याकडे प्रश्न पदराचा असतो. डोक्यावर पदर नसताना काढलेला आजीचा फोटो नातवाला देखणा वाटतो आणि आजीला उघडं पडल्यासारखं. मी अशा वेळी आजीच्या बाजूनं आहे. फोटो तिला दाखवावा, ती नको म्हणाली तर नको. बेसावध फोटो काढणं ही मोकळीक तिनं दिलेली असते, तो चव्हाट्यावर मांडणं ही वेगळी परवानगी.

आता धुणं. चांदीच्या फिल्मला २० अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. पाच-सहा अंश वर गेलं की डेव्हलपर घाई करतो, त्याहून वर जिलेटिन फुगून मऊ पडतं, बोट लागलं तर निघून येतं. गरम पाण्यातून एकदम गारात घातली तर थर आक्रसून त्यावर जाळी उमटते. परभणीत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला अर्धं तापलेलंच मिळतं. त्यामुळे उन्हाळ्यात धुणं पहाटे, माठातलं पाणी घेऊन, भोवती बर्फाची परात ठेवून. डिसेंबरात हीच परभणी पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या देते, तेव्हा उलट पाणी कोमट करावं लागतं. मधल्या काही आठवड्यांत नळाचं पाणी आपोआप वीस अंशांवर येतं. तेवढे दिवस फोटो धुणाऱ्याचे सणाचे.

कागदावर फोटो उमटताना पाहायचा तर लाल दिवा लावता येतो, कारण छपाईच्या कागदाला आजही लाल दिसत नाही, पणजीच्या काचेसारखंच. ट्रेमध्ये कोरा कागद बुडवायचा, ट्रे हलकेच हलवायचा. पहिले दहा-पंधरा सेकंद काही नाही. मग आधी येतात ते काळे: माजघराचं दार, डोळ्यातली बुबुळं. चेहरा नंतर येतो. क्षणभर आजी नसते, आजीचे डोळे तेवढे असतात. मग गाल, मग सुरकुत्या, सगळ्यांत शेवटी नऊवारीच्या सुती पोतातले फिके करडे. मिनिट-दीड मिनिटाचा खेळ.

मग हायपो. १८१९ साली जॉन हर्शेल यांना कळलं होतं की हे मीठ चांदीचे क्षार विरघळवतं. वीस वर्षांनी फोटोग्राफी जन्मली तेव्हा तेच कामाला आलं. ज्या स्फटिकांवर उजेड पडला नाही, ज्यांवर खूण झाली नाही, ते सगळे हायपो धुऊन नेतो. नीट धुतलं नाही तर हायपोचा अंश कागदात राहतो आणि वर्षांनी फोटो पिवळा-तपकिरी होतो. पेटीतले बरेचसे ‘जुने’ फोटो वयानं पिवळे पडलेले नाहीत, घाईनं धुतल्यामुळे पडलेले आहेत. पाण्याची टंचाई असलेल्या गावात कुणी तासभर नळ सोडून फोटो धुवायचे?

वापरलेला हायपो मात्र फेकत नाहीत, निदान जाणता माणूस फेकत नाही. त्यात चांदी उतरलेली असते, ती वेगळी काढून विकता येते. जुन्या एक्सरे फिल्मांचीही भंगारवाल्याकडे याच कारणानं किंमत होते. म्हणजे निगेटिव्हचा हिशेब मांडला तर तो असा निघतो: आजीचे पांढरे केस, गाल, उडालेला कोंडा, जिथे जिथे उजेड होता तिथली चांदी फिल्मवरच राहिली. माजघराच्या अंधाराच्या वाट्याची चांदी हायपोत उतरली, मुशीत गेली, आणि तिथून सोनाराकडे.